झडती लिहिताना एकच अक्षर किती वेळा घ्यावं?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. पोळा आठ दिवसांवर आला. आमच्या गावात आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक जण खड्या आवाजात चार-सहा ओळी म्हणतो, शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला’ आलं की सगळा आखर ‘हर हर महादेव’ करतो. जुन्या झडत्या आज्या-पणज्यांपासून चालत आल्या आहेत, पण दर साली एखादी नवी लागतेच. त्या सालात गावानं जे सोसलं ते तोरणाखाली बोललं गेलं नाही तर पोळा अर्धा वाटतो. यंदा नवी झडती लिहायचं मी अंगावर घेतलं आहे.

विषय गेल्या दिवाळीचा घेतला. कापूस फुटून वेचणीला आला आणि नेमका पाऊस आला. मनात आलं, ‘क’चा अनुप्रास छान जमेल. कापूस, काळी, कष्ट, किंमत, सगळे शब्द घरचेच. ओळ अशी झाली:

काळ्या कसदार कोरडवाहूत कापसाच्या कष्टाची किंमत कोणी केली?

कागदावर ती मला फार आवडली. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि मग आबाजींकडे गेलो. माझ्या लहानपणापासून गावात झडती म्हणतात ते आबाजीच. त्यांनी ओळ एकदा म्हटली आणि मधेच थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच थांबले. म्हणाले, “बापू, म्हनता म्हनता दम तुटते. अन् आपलं वावर बरड, त्याले कसदार कोन म्हनते?”

दुसरं बोलणं जास्त लागलं. खरंच आमचं वावर बरड आहे. ‘कसदार’ मी फक्त ‘क’साठी आणला होता. एका अक्षरापायी मी माझ्याच जमिनीबद्दल खोटं लिहिलं.

शाळेत शिकलेली अनुप्रासाची व्याख्या मला पाठ आहे, पण ती वापरायची कशी ते कोणी शिकवलं नाही. एकच अक्षर किती वेळा यावं? कुठं थांबावं? जाणकारांनी सांगावं.

शाळेची घंटा (वर्धा जिल्हा)

पऱ्हाटीभाऊ, मी मराठी शिकवते, म्हणून व्याख्येपासूनच सुरुवात करते. वाक्यात किंवा चरणात एकच अक्षर पुन्हापुन्हा येऊन त्याच्या नादानं गोडी येते तेव्हा अनुप्रास होतो, असं आपण मुलांना सांगतो. मुलं व्याख्येचा पहिला अर्धा भाग धरतात आणि अक्षरं मोजायला बसतात. ‘नाद’ मागंच राहतो, कारण परीक्षेत ओळ छापलेली असते, कोणी ती म्हणून दाखवत नाही.

वर्गात मी एक करते. मुलांना डोळे मिटायला सांगते आणि ओळ म्हणते. आवाज परत आला असं वाटेल तेव्हा बोट वर करायचं. एकदा ‘चिंचेखाली चूल’ म्हटलं. फळ्यावर लिहिलं असतं तर सगळ्यांनी अनुप्रास म्हटला असता, दोन ‘च’ समोर दिसतात. डोळे मिटलेल्या वर्गात एकही बोट वर झालं नाही. चिंचेतला च टाळूचा आणि चुलीतला च दाताजवळचा. लिहायला अक्षर एक, जिभेला दोन. ‘जीव जाळला’ यातही तेच होतं. मराठीत च, ज, झ लिहिताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पाठ्यपुस्तकात अनुप्रास शिकवताना तिच्यावर एक ओळही नसते याचं मला वाईट वाटतं.

याच्या उलट ‘चुलीवर चटणी चाखली’ म्हणून पाहा, तिन्ही च एकाच जागचे. सगळी बोटं वर होतात.

किती वेळा, याचं माझं उत्तर असं. दोनदा आलं तर कान टवकारतो, तिसऱ्यांदा त्याला आनंद होतो. चौथ्या-पाचव्यानंतर तो अर्थाकडचं लक्ष काढून पुढचं अक्षर कधी येतं याचीच वाट पाहतो. तुमच्या ओळीत आठ शब्द आहेत आणि आठही ‘क’चे. आबाजींचा दम तुटला याचं कारणही त्यातच आहे. ‘क’ म्हणताना जीभ मागं टेकून वारा अडवते आणि मग सोडते. प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी तीच अडवणूक झाली तर माणूस श्वास कुठं घेणार? ‘कच्चा पापड, पक्का पापड’मध्ये आपल्याला जीभ अडखळायलाच हवी असते, म्हणून ते शोभतं. झडतीत ती अडखळून कसं चालेल!

आता ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून पाहा. ‘ह’ म्हणजे नुसता श्वास. त्याला कुठं अडथळा नाही, म्हणून दोनशे माणसं एका दमात ते म्हणू शकतात. कोणी ठरवून केलं नसेल, पण गर्दीच्या तोंडी तेच टिकलं.

डफ आणि तुणतुणं (गडचिरोली जिल्हा)

घंटाताई, बाकी सगळं पटलं जी, पण तीनवर थांबायचा नियम मला मान्य नाही. मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकात काम करतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या जत्रेच्या नाहीतर शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात मंडप पडतो आणि प्रयोग रात्रभर चालतो. मागं बसलेल्या माणसाला तोंड दिसत नाही, कर्णा फाटका, बाजूला पाळण्याचा आवाज. अशा जागी एखाद्या पात्राच्या रागाच्या बोलण्यात एकच अक्षर सात-आठ वेळा आपटलं तरच ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. खडी गंमत या आमच्या लोकनाट्यात शाहीर डफावर थाप मारतो तेव्हा अक्षर थापेबरोबर पडतं. तिथं तीनवर थांबला तर थाप उरते आणि शब्द संपतो. लिहायच्या आधी ते कुठं म्हटलं जाणार हे विचारा, आकडा त्यावरून ठरेल.

दुसरं बोलीचं. आमच्या झाडीबोलीत ण, ळ, श हे उच्चार नाहीत. पाणी आमचं ‘पानी’ आणि शेत ‘सेत’. पुण्याकडून आलेल्या संहितेत ‘सोयाबीन शेतात सडलं’ असं वाक्य असलं तर लिहिणाऱ्याच्या कानात दोनच ‘स’ असतात, ‘श’ वेगळा. आमचा नट म्हणतो ‘सोयाबीन सेतात सडलं’. तीन झाले. लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं की आमच्याकडं येऊन त्याचं वाक्य भरलं.

पऱ्हाटी

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’, काळी ‘कायी’, पोळ्याला आबाजी ‘पोया’च म्हणतात. म्हणजे मी ‘ळ’ जुळवत बसलो तर तो त्यांच्या तोंडी यायचाच नाही, आणि ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’ न जुळवताही जुळेल.

रामटेकचा वारा

मंडळी, तुम्ही कानाकडून जिथं पोचलात तिथं काव्यशास्त्रात फार आधी एक जण पोचला होता, आणि त्यानं त्याला आपल्या मुलखाचं नाव दिलं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दंडी हा साधारण ७ व्या-८ व्या शतकातला. त्यानं ‘काव्यादर्श’ लिहिला. त्यात तो लिहिण्याचे दोन मार्ग सांगतो, एक वैदर्भ आणि एक गौड, म्हणजे बंगालकडचा. दोघांतला फरक दाखवताना तो अनुप्रासापाशी येतो. गौड कवींना अनुप्रास प्रिय, म्हणजे तेच अक्षर पुन्हापुन्हा आणणं प्रिय. वैदर्भांना बहुधा त्याहून आवडतं ते वेगळंच. अक्षरं निराळी असली तरी चालतील, पण ती तोंडातल्या एकाच जागेवरून निघालेली असावीत, म्हणजे ऐकताना सारखेपणा जाणवतो. पुढं याला श्रुत्यनुप्रास हे नाव रूढ झालं.

जागा आपल्या वर्णमालेतच मांडलेल्या आहेत. क, ख, ग, घ कंठातून. त, थ, द, ध दातांपाशी. प, फ, ब, भ, म ओठांवर. ‘भाजी-भाकर’मध्ये अक्षर तेच आहे. ‘भाकर बांधली पदरात’ म्हणताना भ, ब, प तिन्ही निराळी आहेत, तरी ओठ तीनदा मिटले. कानाला जुळणी कळते पण डोळ्याला मोजता येत नाही. दंडीच्या वैदर्भ मार्गाला हे पसंत.

एक सांगून ठेवतो, उगाच गर्व नको. ‘वैदर्भ’ ही कवींच्या लेखनाची रीत आहे आणि भाषा संस्कृत. ती आपल्या आखरावरून उचलली असं मी म्हणणार नाही. तरी वामन या काव्यशास्त्रकारानं ‘रीती हा काव्याचा आत्मा’ असं म्हणून ज्या तीन रीती सांगितल्या, त्यांत वैदर्भी पहिली. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचं रामटेक असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि कालिदासाचं नाव तर वैदर्भीशी कायमचं जोडलेलं आहे. गडावर पावसाळ्यात उभं राहिलं की मला हे सगळं आठवतं.

११ व्या शतकातला काश्मीरचा मम्मट व्याख्या करतो ती दोन शब्दांची: ‘वर्णसाम्यम् अनुप्रासः’. त्यानं अक्षरांच्या स्वभावाचाही विचार केला आहे. गोडव्यासाठी कोणती अक्षरं हे सांगताना तो ट-वर्ग बाजूला ठेवतो. ट, ठ, ड, ढ ओजाकडं, म्हणजे जोराकडं, जातात. पऱ्हाटीभाऊ, तुमच्या वावरातले शब्द घ्या: डवरा (तण काढायचं अवजार), ढेकूळ, ढोर, टोंगळा (गुडघा). घामाच्या कामाचे किती तरी शब्द त्याच घरचे निघतात. डवरणीची ओळ लिहायची असेल तर तिला गोड करू नका. ढेकळं फुटू द्या.

भुलाबाईची सई (अकोला जिल्हा)

रामटेकदादा, दोनदा वाचलं. ते ‘अक्षर निराळं, जागा एक’ वाचून मला आईची आठवण झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला ती बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावताना त्याच्या कानाशी म्हणायची, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पहिल्या दोन शब्दांचे दोन ‘आ’ लागोपाठ. तोंड पूर्ण उघडल्याशिवाय ते म्हणताच येत नाही. बोलावणं करताना माणसाचं तोंड असंच उघडं असतं, नाही का? आणि शेवटी ‘घ्या’, ‘या’. हे कोणी लिहिलेलं नाही, पण एक शब्द हलवून पाहा. ‘आज निमंत्रण घ्या’ म्हटलं की बैलसुद्धा मान वळवणार नाही.

आपल्या रोजच्या बोलण्यात अशा जोड्या किती आहेत! मीठ-मिरची, केर-कचरा, पाला-पाचोळा, सगेसोयरे, गोरगरीब, धनधान्य. भाषेनं आधीच जुळवून ठेवलंय. लिहिणाऱ्यानं शब्दकोशात अक्षर शोधण्याऐवजी आधी घरातल्या जोड्या आठवाव्यात असं मला वाटतं.

माझा अनुभव सांगते. आमच्या बचत गटाच्या पापडाच्या पुडीवर मी लिहिलं होतं, ‘पौष्टिक पारंपरिक परिपूर्ण पापड’. बाजारात बाया पुडी हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या, वाचायचं कोणी नाही. मग एका मावशीनं विचारलं, “कशाचा हाय वो?” चार ‘प’ लिहून मी पापड कशाचा तेच सांगितलं नव्हतं. आता लिहिते, ‘पोह्याचा पापड, पळीभर तेलात फुलतो’. ‘प’ आहेतच, पण प्रत्येक ‘प’ एकेक काम करतो. रामटेकदादांच्या हिशेबानं शेवटचा ‘फ’ही ओठांचाच.

सिरोंचाकर

आमच्या सिरोंच्याकडं घरोघरी तेलुगू बोलतात, म्हणून थोडी भर घालतो. तेलुगूत वृत्तातलं पद्य लिहिताना चारही चरणांतलं दुसरं अक्षर सारखं ठेवतात. त्यालाच प्रास म्हणतात. पहिलं अक्षर चरणाच्या मध्ये ठरलेल्या जागी पुन्हा भेटवायचं, ती यती. यतीत अक्षर तेच हवं असा हट्ट नसतो. एका वर्गातली अक्षरं एकमेकांची मित्र धरतात, ‘क’ला ‘ग’ चालतो. शब्दच आहे यतिमैत्री. प्राणहिता-गोदावरीच्या काठावर बसून रामटेकदादांचं वाचलं आणि दोन्ही गोष्टी एकच वाटल्या. मला मराठीतही ‘अक्षरांची मैत्री’ म्हणायला आवडेल.

बांधावरची बोर (वाशीम जिल्हा)

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पेपरचं नाव नको. मथळ्यात ‘क’ पाच वेळा होता. कर्ज, कास्तकार आणि पुढचे. शब्द इथे लिहीत नाही. ज्यानं लिहिला त्याच्या मनात वाईट नसेल, त्याला वाटलं असेल मथळा ठसला पाहिजे. पण तो पेपर त्या घरात आला. त्यांची मोठी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं मथळा मोठ्यानं वाचला आणि पुन्हा वाचला. तो जिभेवर नाचत होता. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला कळतच नाहीये, हे आपल्या बाबांबद्दल असून असं गाण्यासारखं का लागतंय.

तेव्हापासून मला वाटतं की काही जागी अनुप्रास आणूच नये. मेलेल्या माणसाच्या बातमीत अक्षरं खेळवणाऱ्यानं ती आधी त्या घरात बसून मोठ्यानं वाचावी.

शाळेची घंटा

बोरताई, मुलांना अलंकार शिकवताना हे सांगायचं राहून जातं. यापुढे राहणार नाही. ती मुलगी आता कशी आहे?

बांधावरची बोर

बरी आहे ताई. अकरावीला आहे. चांगलं लिहिते, निबंधात बक्षीसही मिळालं.

डफ आणि तुणतुणं

बोरताई, मी वर सात-आठ वेळा आपटा म्हटलं ते रंगमंचावरच्या रागाचं होतं जी. दुःखाचं तसं नाही. आमच्या नाटकात आईचं रडणं लिहितात तेव्हा वयानं मोठी नटी पहिल्याच तालमीत जुळवलेले शब्द खोडते आणि सांगते, रडणारी बाई शब्द निवडत नाही.

भुलाबाईची सई

पण दुःखात नाद नसतोच असं नको म्हणूया. जात्यावर बसलेल्या बाईनं आपलं रडू ओवीतच ठेवलं. माय, माहेर, माउली, माती. हे ‘म’ तिनं शोधलेले नाहीत, दुसरे शब्दच नव्हते तिच्याकडं. ‘म’ला ओठ मिटतात आणि आवाज नाकातून घुमत राहतो. तोंड मिटून रडणाऱ्या माणसाचा आवाजही तसाच असतो. मला वाटतं फरक इथं आहे: ओवीतला ‘म’ त्या बाईचा स्वतःचा होता, आणि त्या मथळ्यातला ‘क’ परक्या माणसानं बाहेरून आणून बसवलेला.

पऱ्हाटी

पाच दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. फवारणी चालू होती. पण डोक्यात हेच होतं.

बोरताई, तुमचं वाचल्यावर मी माझी ‘क’ची ओळ फाडली. तीही कापूस बुडालेल्या घरांत ऐकली जाणार होती.

मग वावरात पंप पाठीवर घेऊन नुसतं बोलत गेलो. काय झालं होतं त्या दिवाळीत? पऱ्हाटी फुटली. पाऊस पडला. एवढंच झालं होतं. तेवढंच म्हटलं तर ओठ चार वेळा मिटले: प, फ, प, प. मी काही जुळवलंच नव्हतं. पुढच्या ओळी घरी येईस्तोवर झाल्या:

पऱ्हाटी फुटली, पाऊस पडला,
बोंडातला कापूस बोंडात सडला.
बैल बांधला बांधावर,
भाव बसला मानेवर.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!

संध्याकाळी आबाजींकडे गेलो. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही फारसं, त्यामुळे म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटूनच ऐकली, घंटाताईंच्या वर्गासारखी. दुसऱ्या ओळीवर मान हलवली. चौथ्या ओळीवर हात वर केला.

“मानेवर नाई. बैलाच्या मानेवर जू बसते, ते कामाचं असते. भाव बोकांडी बसते.”

मग त्यांनी स्वतः म्हटली: ‘बैल बांधला बांधावर, भाव बसला बोकांडीवर.’ दोन्ही ओळींत तीन-तीन शब्द, आणि सगळ्यांच्या तोंडाशी ब नाहीतर भ. माझा ‘म’सुद्धा ओठांचाच होता, म्हणजे नियमानं चुकलं नव्हतं. पण शब्द चुकला होता. त्यांनी अर्थ दुरुस्त केला आणि नाद आपोआप भरला.

रामटेकचा वारा

भाऊ, ‘बोंडातला कापूस बोंडात सडला’ या ओळीवर मी थांबलो. शब्द तोच, अर्थही तोच, बदलला तो फक्त रोख. पहिलं बोंड पिकण्याचं, दुसरं सडण्याचं. शास्त्रात याला लाटानुप्रास म्हणतात, त्याच्या अगदी जवळचं आहे हे. तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं याचा मला आनंद झाला.

सिरोंचाकर

पोळ्याला कोणीतरी आवाज रेकॉर्ड करून इथं टाका.

पऱ्हाटी

टाकतो दादा. आबाजींचा आवाज आता आखरभर पोचत नाही, म्हणून यंदा त्यांनी नातीला शिकवली आहे. सहावीत आहे ती. मुलीनं झडती म्हणायची आमच्याकडं पद्धत नव्हती, पण आबाजींनी म्हटल्यावर कोणी काही बोललं नाही. काल संध्याकाळी गोठ्यात तालीम चालली होती. ती शाळेतल्यासारखं ‘पाऊस पडला’ सुटं-सुटं म्हणत होती. आबाजी तिला सांगत होते, “पानी पडते तसं पड, थांबू नको. ‘सडला’वर थांब. तिथं लोकाइले आपलं वावर दिसू दे.”

उद्या खांदशेकणी. पळसाची पानं आणायला निघतो.